जिल्ह्याला समुद्र नाही, तरी किनारा आहे : उजनीकाठच्या सुट्टीचा इतिहास

१/
पुणे जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही डिसेंबर लागला की दर शनिवार-रविवारी पहाटे सोलापूर रस्त्याने गाड्यांची रांग भिगवणकडे वळते. नौकाविहार, पाणथळीचे पक्षी, पाण्यावरचा सूर्योदय, दुपारी ताजी मासळी... किनाऱ्यावरच्या सुट्टीत माणसाला जे जे हवे असते, ते सारे इंदापूर तालुक्याच्या उत्तर सीमेवर मिळते. मात्र हा किनारा वयाने फार लहान आहे. आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील त्याहून मोठे आहेत. त्या पाण्याखाली एक जुना मुलूख आहे. तो ओळखत ओळखत हा प्रवास कसा करावा, यासाठी हा धागा. 🧵

२/
आधी भूगोल. इंदापूर तालुका दोन नद्यांच्या बेचक्यात वसला आहे. उत्तरेला भीमा, दक्षिणेला नीरा. पूर्वेच्या टोकाला, नीरा नरसिंहपूर येथे, दोघींचा संगम होतो. पश्चिमेला बारामती, तिथली कऱ्हा नदी नीरेला मिळते. नकाशावर पाहिले तर पाण्याची रेलचेल असावी, असे वाटते. प्रत्यक्षात हा पर्जन्यछायेचा प्रदेश. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस इथवर येईतो विरून जातो. नद्या उशाला आणि शेत कोरडे, अशी इथली जुनी स्थिती होती. या भागाचा इतिहास बव्हंशी पाण्याच्या अभावाचा आणि पुढे पाण्याच्या अतिरेकाचा आहे.

३/
आता ज्याला लोक ‘भिगवणचे बॅकवॉटर’ म्हणतात, तो उजनी धरणाचा फुगवटा. धरण सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात, भीमेवर. १९६६ साली यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते कामाचा प्रारंभ झाला आणि १९८० मध्ये ते पूर्ण झाले. जलाशयाला ‘यशवंतसागर’ हे नाव त्यांच्यावरूनच. भीमा म्हणजे पंढरपूरची चंद्रभागा. ती अडवताना चव्हाणांनी विठोबाची क्षमा मागितली होती, अशी आठवण सोलापूर जिल्ह्यात आजही सांगितली जाते. दुष्काळी सोलापूरला पाणी देणे, हा धरणाचा हेतू. त्याची किंमत मात्र वरच्या अंगाच्या गावांनी मोजली.

४/
ही किंमत समजून घ्यायची तर थोडे मागे जावे लागेल. पाण्याखाली गेलेली भूमी इतिहासाला अनोळखी नव्हती. उलट, मुंबई इलाख्यात ज्या जमिनीची मोजणी आणि प्रतवारी सर्वाधिक बारकाईने झाली, त्यांत इंदापूरचा क्रमांक फार वरचा. पेशवाई बुडाल्यानंतर रॉबर्ट प्रिंगल या अधिकाऱ्याने ठरवलेला सारा इथल्या रयतेला झेपला नाही. शेते ओस पडली. कित्येक कुळे गावे सोडून निजामाच्या हद्दीत गेली.

५/
मग १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापुरात नव्याने पाहणी केली. प्रत्येक शेताला क्रमांक, मातीच्या कसानुसार प्रत आणि तीस वर्षांसाठी न बदलणारा सारा, अशी ही पद्धत. पुढे ती इलाख्यात सर्वत्र पसरली. आपल्या सातबारावर भूमापन क्रमांकाचा जो रकाना दिसतो, त्याच्या पूर्वजांचा शोध घेत गेलात तर वाट इंदापूरच्या शिवारात पोहोचते. ज्या तालुक्यात सरकारी साखळीने शेत न् शेत मोजले गेले, त्याच तालुक्यातील नदीकाठची काळी जमीन दीडशे वर्षांनी पाण्याखाली गेली.

६/
तीस वर्षांची मुदत संपताच १८६७ मध्ये इंदापूरचा सारा वाढला. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे आलेली कापसाची तेजी ओसरली. रयत सावकाराच्या वहीत अडकली. १२ मे १८७५ रोजी सुपे येथील बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली. हे सुपे आज बारामती तालुक्यात आहे. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून पाठ्यपुस्तकात जे प्रकरण येते, त्याची पहिली ठिणगी इथली. भिगवणला जाताना अथवा परतताना वाट थोडी वाकडी करून सुप्याच्या बाजारपेठेत जरूर थांबा.

७/
दंग्यापाठोपाठ १८७६-७७ चा भीषण दुष्काळ आला. त्या काळात नीरा कालव्याच्या खोदकामावर हजारो दुष्काळग्रस्त राबले. पुढे भाटघर धरणाचे पाणी नीरा डाव्या कालव्याने बारामती आणि इंदापूरच्या दक्षिण भागात पोहोचले. ज्वारी-बाजरीच्या मुलखात ऊस उभा राहिला. विसाव्या शतकात वालचंद हिराचंद यांनी याच पट्ट्यात साखर कारखाना काढला आणि वालचंदनगर वसले. म्हणजे तालुक्याच्या दक्षिणेला पाण्याने बरकत आणली आणि शंभर वर्षांनी उत्तरेला पाण्यानेच गावे उठवली. एकाच तालुक्याचे हे दोन किनारे ध्यानात ठेवा. आता प्रत्यक्ष प्रवासाला निघू.

८/ पहिला मुक्काम : कुंभारगाव, पहाट
पुण्यापासून भिगवण सुमारे शंभर किलोमीटर. तिथून जवळच कुंभारगाव आणि डिकसळ. डिसेंबर ते मार्च हा उत्तम काळ. सूर्योदयापूर्वी नाव पाण्यात सोडावी. दूरवर गुलाबी-पांढरी रेघ दिसते. नाव जवळ गेली की ती रेघ हलू लागते. हेच रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. मराठीत त्यांना अग्निपंख असेही नाव आहे. पंख उघडले की ते का, हे आपोआप कळते. हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब, लांब तांबड्या पायांचे शेकाटे, सुरय, करकोचे यांचीही इथे सभा भरलेली असते.

९/
हे पक्षी इथे येतात, याचे कारणही इतिहासातच आहे. रोहित पक्षी उथळ पाण्यात मान उलटी करून चिखल गाळतो आणि त्यातील सूक्ष्म जीव खातो. त्याला खोल पाणी नको, पसरट चिखल हवा. भीमेची मूळ नदी खोल पात्रातून वाहत असे. धरणाने ते पाणी सपाट शेतांवर पसरवले. हिवाळ्यापासून सोलापूरकडे पाणी सुटू लागले की पातळी उतरते आणि कडेची पूर्वीची शेते चिखलाच्या रूपाने उघडी होतात. रोहित आज जिथे चरतो, तिथे एके काळी ज्वारीची कणसे डोलत होती.

१०/
त्याच उघड्या पडलेल्या जमिनीवर माणसेही परततात. पाणी मागे सरकले की काठचे शेतकरी गाळात पिके घेतात. याला ‘गाळपेर’ म्हणतात. जमीन धरणाच्या संपादनात गेलेली. तरी काही महिन्यांपुरती ती हिरवी होते आणि पावसाळ्यात पुन्हा बुडते. नावेतून काठाकडे पाहताना जे हिरवे पट्टे दिसतील, ते साधे रान समजू नका. एखाद्याच्या आजोबाचा बांध त्याच चिखलात कुठेतरी आहे.

११/
नावेत बसताना एक गोष्ट टाळू नका : लाइफ जॅकेट. २१ मे २०२४ च्या सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी प्रवासी नाव वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ही सहलीची नाव नव्हती. धरणापूर्वी नदी ओलांडून ज्या गावी सहज जाता येई, तिथे आता रुंद जलाशय आडवा आला आहे. रस्त्याने मोठा वळसा पडतो, म्हणून लोक नावेने जातात. पर्यटकाला जी हौस वाटते, ती काठच्या माणसाची एसटी आहे. जॅकेट नसेल तर नाव नाकारा आणि वारा सुटला असेल तर आग्रह धरू नका.

१२/ दुसरा मुक्काम : डिकसळ
लहानसे गाव, पण भारतीय रेल्वेच्या इतिहासात त्याला मानाचे पान आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा पुण्याहून पूर्वेकडे जाणारा मार्ग १५ डिसेंबर १८५८ रोजी खुला झाला, तो डिकसळपर्यंत. पुढचा बार्शी रोडपर्यंतचा टप्पा २३ ऑक्टोबर १८५९ रोजी सुरू झाला. म्हणजे सुमारे दहा महिने आगगाडीचे पूर्वेकडील शेवटचे स्थानक हे भीमाकाठचे गाव होते. त्या वेळी बोरघाटातील लोहमार्ग पूर्ण व्हायचा होता. तो १८६३ मध्ये सुरू झाला. मुंबईहून निघालेला प्रवासी घाट पालखीने अथवा बैलगाडीने चढे, पुन्हा गाडीत बसे आणि डिकसळला उतरून पुढची वाट धरी.

१३/
उजनीच्या फुगवट्यामुळे या भागातील लोहमार्ग हलवावा लागला. जुना रेल्वे पूल मागे उरला आणि पुढे पुणे व सोलापूर जिल्ह्यांना जोडणारी रस्त्याची वाहने त्यावरून जाऊ लागली. वाफेच्या इंजिनासाठी बांधलेल्या दगडी खांबांनी उसाचे ट्रॅक्टरही पेलले. पुलाजवळ थांबून खांबांवरील पाण्याच्या खुणा पाहा. एकाखाली एक उमटलेल्या त्या रेघांत गेल्या कित्येक वर्षांची आवक-जावक वाचता येते.

१४/ तिसरा मुक्काम : पळसदेव
महामार्गावरील आजचे पळसदेव हे पुनर्वसित गाव. मूळ गाव भीमेच्या काठी होते. ते जलाशयात गेले, पण पळसनाथाचे प्राचीन मंदिर तिथेच राहिले. पाणी उतरू लागले की प्रथम शिखर दिसते, मग मंडप, आणि फारच ओढ पडली तर पायथाही उघडा होतो. २०२४ च्या उन्हाळ्यात असेच झाले आणि मंदिर पाहायला दूरदूरहून लोक आले. दगडी मंदिर, त्यावर विटांचे उंच शिखर, आवारात वीरगळ. चार दशके पाण्याच्या चढ-उताराला तोंड देत ही वास्तू उभी आहे.

१५/
मंदिर नेमके केव्हा दिसेल, हे वृत्तपत्रातील एका आकड्यावरून ताडता येते. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यांपैकी जवळपास ६३.६६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे निम्म्याहून अधिक, उरलेला ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. पातळी उपयुक्त साठ्याच्या खाली गेली की बातमीत ‘उणे’ टक्केवारी छापली जाते. धरण उणे झाले म्हणजे ते कोरडे पडले असे नव्हे. मृतसाठा वापरात आला, एवढाच त्याचा अर्थ. २०२४ मध्ये ही पातळी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली उतरली होती. आकडा उणेच्या खोलात गेला की जुने पळसदेव वर येऊ लागते.

१६/
पळसदेवचे महत्त्व मंदिरापुरते मर्यादित नाही. इथे शके १०७९, म्हणजे इ.स. ११५७ चा मराठी शिलालेख आहे. चंगदेव नावाच्या दंडनायकाने विष्णूचे देवालय उभारल्याची नोंद त्यात आढळते. ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२ ची. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या १३३ वर्षे आधी भीमेच्या या काठावर कोणीतरी आपली कृती मराठीत दगडावर कोरून ठेवत होते. मराठीच्या अगदी आरंभीच्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. आपल्या भाषेच्या बाळपणाचा एक साक्षीदार या जलाशयाच्या काठचा आहे, ही जाणीव ठेवून तिथे जावे.

१७/
जाताना पथ्येही पाळावीत. गाळ वरून सुकलेला दिसला तरी आत मऊ असतो. स्थानिक माणसाला सोबत घ्यावे. शिखरावर चढू नये, वीरगळ हलवू नयेत, दगडांवर नावे कोरू नयेत. जे पाण्याने मोडले नाही, ते आपण दोन उन्हाळ्यांत मोडू शकतो. आणि गावातील एखादे ज्येष्ठ गृहस्थ भेटले तर जुन्या गावठाणाविषयी अवश्य विचारा : वेस कुठे होती, बाजार कुठल्या वारी भरे, घाटावर जायची वाट कोणती. ज्यांनी ते गाव चालून पाहिले, ती पिढी आता सत्तरीच्या घरात आहे. मोबाईलवर छायाचित्रे सगळेच काढतात. एक आठवण ध्वनिमुद्रित करून आणणारे थोडे.

१८/ दुपारचे जेवण : भिगवण
दुष्काळी पट्ट्यातील या गावाचे नाव आज मासळीसाठी घेतले जाते, हा धरणाचा आणखी एक चमत्कार. इथल्या बाजारात मरळ, वाम, कटला, रोहू येतात. सर्वाधिक दिसते ती चिलापी. ही मूळची आफ्रिकेतील मासळी, भारतात विसाव्या शतकात आणली गेली आणि इथे अशी फोफावली की तिने स्थानिक जातींची जागा व्यापली. भीमेत पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकणाऱ्या भोई समाजाला वाहत्या नदीचे ज्ञान होते. अथांग स्थिर पाण्यातली मासेमारी त्यांना नव्याने शिकावी लागली. ताटातील तुकड्यामागेही एक स्थलांतर आहे, माशाचे आणि माणसाचे.

१९/
पाण्याची एक बाजू पर्यटनाच्या जाहिरातीत येत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत उतरते. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवी साय धरते आणि उग्र वास येतो. शहरातून सुट्टीसाठी इथे येणाऱ्याने एवढे स्मरणात ठेवावे की आपण घरातून वाहून दिलेले पाणी आपल्या आधीच या किनाऱ्यावर पोहोचलेले असते.

२०/ चौथा मुक्काम : इंदापूर
मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत धारातीर्थी पडले, असे परमानंदाच्या ‘शिवभारता’त आहे. शहाजीराजे तेव्हा लहान होते. पुढे पुणे, सुपे, इंदापूर हे परगणे भोसल्यांच्या जहागिरीत आले, आणि त्याच भूमीवर स्वराज्याचा पाया रचला गेला. गावातील मालोजीराजांची गढी आणि चाँदशहावली दर्गा पाहावा. तहसील कचेरीच्या आवारातील चिंचेच्या झाडांवर चित्रबलाक पक्ष्यांची वसाहत भरते. १८३६ मध्ये ज्या गावातून जमीन मोजणीची नवी रीत सुरू झाली, तिथल्या महसूल कचेरीच्या डोक्यावर आज करकोचे घरटी बांधतात. आषाढीला तुकोबांची पालखीही बारामतीवरून इंदापूरला येते, आणि इथले रिंगण पाहायला पंचक्रोशी लोटते.

२१/ पाचवा मुक्काम : नीरा नरसिंहपूर
जलाशय पाहून झाला की वाहती भीमा पाहायलाच हवी. धरणाच्या खाली, तालुक्याच्या पूर्व टोकाला भीमा-नीरेचा संगम आहे. तिथे लक्ष्मी-नृसिंहाचे तटबंदीयुक्त मंदिर आणि पाण्यात उतरणारे भक्कम घाट आहेत; विंचूरकर सरदारांनी अठराव्या शतकात या क्षेत्राचा जीर्णोद्धार केला. घाटाच्या पायरीवर बसले की जुने पळसदेव कसे असेल, याची कल्पना येते : नदी, घाट, देऊळ, मागे गाव. बुडालेल्या गावांचे हे जिवंत भावंड आहे.

२२/ परतीच्या वाटेवर : बारामती
कऱ्हेकाठचे हे गाव नाईक सावकारांचे. पेशव्यांची आणि नाईकांची सोयरीक होती. बाजीरावांची बहीण भिऊबाई याच घरात दिलेली. तरीही १७४० मध्ये बाजीराव निवर्तल्यावर याच घरातील बाबूजी नाईक पेशवेपदासाठी उभे राहिले आणि नागपूरकर रघूजी भोसल्यांनी त्यांची बाजू घेतली. राजकारणात हुकलेले हे नाव साहित्यात मात्र राहिले. पन्हाळगडावर जन्मलेले मोरोपंत (१७२९-१७९४) नाईकांच्या आश्रयाने बारामतीत आले, आयुष्यभर इथेच राहिले, आणि ‘आर्याभारत’, ‘केकावली’ यांसारखे ग्रंथ त्यांनी रचले. नाईकांचा वाडा आणि कऱ्हेचा काठ पाहून प्रवास संपवावा.

२३/
मित्रहो, धरण चूक की बरोबर, याचा निवाडा एका धाग्यात होणार नाही. सोलापूरच्या शेताला पाणी मिळाले, पंढरीच्या वारीला चंद्रभागेत पाणी सोडता येऊ लागले, पक्ष्यांना पाणथळ लाभली. हे खरे आहे. नदीकाठची सुपीक जमीन, गावठाणे, घाट आणि पिढ्यांचा शेजार गेला. हेही तितकेच खरे आहे. किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या पाहुण्याला दोन्ही दिसले पाहिजेत. नुसते रोहित पाहून परतणारा अर्धीच सहल करून येतो.

२४/
म्हणून यंदा उजनीकाठी जाल तेव्हा दुर्बिणीबरोबर एक वही घ्या. पक्ष्यांची नावे एका पानावर लिहा. समोरच्या पानावर काठच्या माणसांनी सांगितलेली बुडालेल्या गावांची नावे. दुसरे पान भरायला अधिक वेळ लागेल. आपल्या कुटुंबातील कोणी उजनीच्या, किंवा महाराष्ट्रातील अन्य धरणाच्या पाण्यात गाव सोडून आले असेल, तर त्या गावाचे नाव खाली प्रतिसादात जरूर नोंदवा. नकाशावरून पुसले गेलेले नाव निदान इथे तरी राहील. 🙏